महिरपी कंस रिकामे ठेवायचे नाहीत

रंजे,

परवा तुझी बॅच मी घेतली. दुपारची, सी प्लस प्लसची. तू दवाखान्यात गेल्यापासून तुझ्या खोलीला कुलूपच होतं. पण परीक्षा तोंडावर आल्या आणि पोरं रोज जिन्यात येऊन घुटमळायला लागली. विचारायचं धाडस एकालाही होत नव्हतं. शेवटी मीच ओरडले, "जिन्यात काय करालाय? या की आत."

फळ्यावर तुझं अक्षर तसंच होतं. कोपऱ्यात तुझा तो ट्रॅक्टर, पुढचं चाक बशीएवढं, मागचं परातीएवढं, आणि ड्रायव्हरच्या डोक्याला फेटा. डस्टर उचलला आणि परत ठेवला. उरलेल्या अर्ध्या फळ्यावर शिकवलं.

तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "मॅडम, सी प्लस प्लसमध्ये एकाला दोन बाप चालतात, मग जावात का न्हाय चालत?" पोरं हसली. मग माझ्याकडं बघून वह्या आवरायला लागली. उत्तर मला येत होतं गं. पुस्तकातलं तर तोंडपाठ आहे. पण ह्याच प्रश्नावर इतकी वर्षं दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभ्या राहून आपण भांडलो, आणि ते भांडण तू अर्धवट टाकून गेलीस. आता माझी बाजू मी कुणापुढं मांडू? "नंतर सांगतो," म्हटलं आणि पोरांना सोडलं. आधी तुझ्याशी मिटवते, मग त्याला सांगते.

आपली ओळख कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या खोलीतली. तेव्हा त्या खोलीत देवळात गेल्यासारखं चपला काढून जावं लागायचं, आणि एका मशीनवर दोन मुली. तू उचगावहून सायकल मारत यायचीस, मी हातकणंगल्याहून रेल्वेनं. तू टाइप करायचीस, कारण तुझी बोटं पळायची. मी शेजारी बसून चुका काढायचे, कारण माझा स्वभावच तो. सर म्हणायचे, ह्या दोघींची मिळून एक प्रोग्रॅमर होते. आपल्याला ते कौतुक वाटायचं, टोमणा होता हे फार उशिरा कळलं.

मग पुण्याची ती मुलाखत. कोल्हापूरच्या पोरी आपण, 'मी येतो, मी जातो, मी करतो' हे तोंडात बसलेलं. समोरचे साहेब एकमेकांकडं बघून हसायला लागले. माझं तोंड लाल झालं, पण तू खुर्ची पुढं ओढलीस आणि विचारलंस, "हसाय काय झालं, साहेब? काम जमतंय का बघा की." नोकरी दोघींनाही मिळाली नाही. परतीच्या एसटीत कराडपर्यंत तू खिडकीबाहेर बघत बसलीस, आणि कराडला चहा पिता पिता म्हणालीस, "आपणच काढूया की क्लास. हसतोय कोण बघू."

राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या, हप्त्यावर घेतलेली मशीनं, आणि दारावर बोर्ड, 'सुलभा-रंजना कॉम्प्युटर क्लास'. माझं नाव आधी लावायला तू लावलंस, यमक बरं जुळतंय म्हणालीस, जुळत काही नव्हतं. आडनावं मात्र लावायची नाहीत ही तुझी अट. "आडनाव आलं की पावणं हिशोब लावत बसतंय," असं तू म्हणालीस. मला तेव्हा वाटलं, ही उगाच फार विचार करते. पहिल्याच मोसमात मला उत्तर मिळालं.

तो गुऱ्हाळवाला पालक आला होता बघ, पोराला दंडाला धरून. बसल्या बसल्या त्यानं मला विचारलं, "मॅडम, गाव कुठलं म्हणायचं तुमचं? आडनाव?" मी माने, हातकणंगल्याची, म्हटल्यावर त्यानं तिथल्या तिथं माझं आणि त्याच्या साडूचं नातं जोडून दाखवलं. मग तो तुझ्याकडं वळला. तू वर न बघता म्हणालीस, "कांबळे. उचगाव." तो जरा वेळ टेबलावरच्या माउसकडं बघत राहिला आणि मला म्हणाला, "मग आमच्या पोराला तुमच्याच बॅचला घाला."

मी उठलेच. काय काय बोलले ते मलाही आठवत नाही, पण 'तुमचं पोरगं घेऊन चालू लागा' एवढं नक्की बोलले. तो बिचकला आणि पोराला घेऊन खाली उतरला. मला वाटलं, तू माझ्याकडं प्रेमानं बघशील. तू उलट माझ्यावरच धावून आलीस. "तुला कुणी सांगितलंतं माझ्या वतीनं भांडाय? मला तोंड न्हाय? चांगलं पोरगं घालवलंस." आणि जिना उतरून तू झेरॉक्सच्या दुकानाशी त्यांना गाठलंस. वरून मला तुझा आवाज ऐकू येत होता. "पावणं, एक आठवडा माझ्या बॅचला बसवा पोराला. न्हाय कळलं तर मीच त्या मॅडमांच्याकडं पाठवतो." पोरगं आठवडाभर बसलं आणि कोर्स संपेपर्यंत उठलंच नाही.

पुढं दर साली गुऱ्हाळ सुरू झालं की तो माणूस गुळाची ढेप घेऊन यायचा आणि दारातून 'कांबळे मॅडम हायत का?' म्हणून विचारायचा. चहा मात्र घ्यायचा नाही, आत्ताच झालाय म्हणायचा. तू दर साली त्याच्यापुढं कप ठेवायचीस. मला तुझा राग यायचा, कशाला ठेवतेस म्हणून. मग एका साली त्यानं कप उचलला आणि प्याला. त्या दिवशी सगळ्या बॅचला गूळ-शेंगदाणे मिळाले.

कामाची वाटणी आपोआप झाली. सी प्लस प्लस तुझं, जावा माझं. प्रोग्रॅममध्ये ज्याला क्लास म्हणतात त्याला तू 'साचा' म्हणायचीस, नाहीतर आपल्या क्लासशी घोटाळा व्हायचा. एका साच्यावरून दुसरा साचा काढता येतो, आणि मग पहिल्यातलं सगळं दुसऱ्याला आयतं मिळतं. तो वारसा. हे सांगायला तू ट्रॅक्टर काढायचीस. ट्रॅक्टर हे वाहन आहे, म्हणून वाहनाकडून त्याला चाकं, ब्रेक, हॉर्न आले. ट्रॅक्टर हे अवजारही आहे, म्हणून अवजाराकडून नांगर लावणं, नांगर उचलणं आलं. दोन बाप. सी प्लस प्लसला त्याचं काही वाटत नाही. अडतं कुठं, तर 'थांब' हे काम दोघांकडूनही येतं. वाहनाचं थांबणं म्हणजे ब्रेक लावणं, अवजाराचं थांबणं म्हणजे नांगर जमिनीतून वर घेणं. ट्रॅक्टरला नुसतं 'थांब' म्हटलं की प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर विचारतो, कुणाचं थांबणं? आणि तिथंच बसकण मारतो.

"मारू दे की," तू म्हणायचीस. "सांगायचं त्याला, वाहनाचं थांब. एवढं लिहाय जीव जातोय व्हय?" तुझा आवाज असा, की खालच्या झेरॉक्सवाल्यालाही सी प्लस प्लस पाठ झालं असणार.

माझ्या जावात बाप एकच. बाकी जे काही व्हायचं असेल, त्याचा इंटरफेस घ्यायचा. इंटरफेस म्हणजे कामांची नुसती नावं. नांगर लावणं, नांगर उचलणं. कसं करायचं ते त्यात लिहिलेलं नसतं. ज्या साच्यानं इंटरफेस घेतला त्यानं प्रत्येक काम स्वतः लिहून द्यायचं, एक जरी राहिलं तरी कंपायलर पुढं सोडत नाही. म्हणजे ट्रॅक्टर जन्मानं वाहन, आणि शब्द दिला म्हणून अवजार. शब्द कितीही ठिकाणी देता येतो. थांबण्याचा घोटाळाही उरत नाही, कारण आयतं 'थांब' आलं तर एकट्या वाहनाकडून, आणि ते पुरत नसेल तर ट्रॅक्टरनं स्वतःचं एकदा लिहायचं. आणि ज्याला रान नांगरून घ्यायचंय तो, तू कुणाचा, असं विचारत नाही. बैलजोडीनं तोच इंटरफेस घेतला असेल तर तीही चालते. नांगरता येतंय ना, मग ये.

मला हे फार आवडायचं. भाबडेपणानं आवडायचं. त्या गुळवाल्याचं मनात ठेवून मी एकदा मोठ्या उत्साहानं तुला म्हटलं, "बघ रंजे, आडनाव न विचारणारी भाषा हाय ही!" मला वाटलं, तुला बरं वाटेल.

तू खडू खाली ठेवलास. राग आला की तू खडू ठेवायचीस. "तुला ते लई मोठं वाटतंय," तू म्हणालीस, "कारण तुला आडनाव विचारून कुणी अडवलं न्हाय. तुझा इंटरफेस देतो काय, सांग की. कामांची नावं! हे कर, ते कर. हातात काय? काय न्हाय. ज्याला बाप हाय त्याला सगळं तयार, आणि आम्ही प्रत्येक ओळ आपल्या हातानं लिहायची. आणि वर तुम्ही म्हणणार, बघा, आम्ही आडनाव विचारत न्हाय."

मीही चिडले. "मला काय तयार मिळालं गं? हक्कसोड देऊन आलो मी भावांना." आमच्याकडची रीतच ती. लेकीनं बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करायची, साडीचोळी घ्यायची आणि हसत जेवायला बसायचं. त्याच उन्हाळ्यात मी ती सही करून आले होते, आणि कुणाजवळ बोलले नव्हते. पहिल्यांदा तुझ्याजवळ तोंडातून निघालं, तेही भांडणात.

तू म्हणालीस, "सही कराय तरी काय तरी होतं की तुझ्याकडं."

मी मधलं दार आपटलं. दिवसभर दोन खोल्यांत दोन भाषा चालू होत्या आणि आपण एकमेकींशी एका भाषेत बोलत नव्हतो. संध्याकाळी तू भडंगाची पुडी घेऊन आलीस, अर्धी माझ्यापुढं ओतलीस आणि उभ्या उभ्याच म्हणालीस, "सहीचं वाईट झालं. सांगायचं होतंस." मग जरा खाऊन झाल्यावर, "आणि एक. आम्हाला वारसा न्हाय असं समजू नको. आईकडनं गळा आलाय मला, बाबांकडनं डोकं. मला दोन्ही पायजेत. एकाला बाप म्हणायचं आणि दुसऱ्याची नुसती कामं करायची, हे मला जमणार न्हाय." जयंतीला उचगावात तुझ्या आईला गाताना मी ऐकलंय, तुलाही. तुझं खोटं नव्हतं. माझंही खोटं नव्हतं. म्हणूनच ते भांडण संपलं नाही.

एका बाबतीत मात्र आपण दोघी एका बाजूला होतो. कंपायलर सगळी कामं लिहून मागतो म्हटल्यावर पोरांनी पळवाट शोधली. कामाचं नाव लिहायचं, महिरपी कंस उघडायचा आणि लगेच बंद करायचा. आत काहीच नाही. कंपायलरला तेवढं पुरतं, तो आत डोकावून बघत नाही. एरर जातो, पोरगं खूश होतं, आणि प्रोग्रॅम चालवला की ट्रॅक्टर रानात नुसताच उभा. जावा माझं, पण ह्या चोरीवर तुझं डोकं जास्त फिरायचं. माझ्या खोलीत येऊन तू त्या पोराला उभं करायचीस. "तू ट्रॅक्टर. उचल नांगर. उचल की! का, कंस रिकामा हाय? कंपायलरला फसवशील रे, रानाला फसवशील काय?" बॅच हसून हसून लोळायची. शेवटी तू तांबडा ऑइलपेंट आणलास आणि माझ्याच भिंतीवर, मला न विचारता, भलं मोठं लिहिलंस, 'महिरपी कंस रिकामे ठेवायचे नाहीत.' जागामालकाची त्यावरून बोलणी खाल्ली ती मी. अजून आहे ते भिंतीवर. पुसून जाणारच नाही, तू रंगच तसला आणलास.

मग तुझं लग्न झालं, प्रज्ञा झाली. दाजी फौजेत, रजेला येणार तेवढेच, त्यामुळे ती आपल्या क्लासमध्येच वाढली म्हणायला हवं. शाळा जवळ, सुटली की जिना चढून थेट तुझ्या खोलीत. टेबलाखाली बसून डबा खायचा, लोडशेडिंग झालं की यूपीएसच्या पीप-पीपची नक्कल करायची. शाळेत खेळून वेण्या सुटलेल्या असायच्या. दोन बॅचच्या मधे तू स्टुलावर बसायचीस, ती खाली जमिनीवर तुझ्याकडं पाठ करून बसायची आणि मागं न बघताच कंगवा वर धरायची. तू तो घ्यायचीस आणि वेण्या घालता घालता तिच्या डोक्यावरून माझ्याशी भांडण चालू ठेवायचीस. कितीदा मी म्हटलं असेल, पोरगीच्या केसांत तरी सी प्लस प्लस आणू नको. आता वाटतं, आणखी थोडं भांडायला हवं होतं.

साधी कावीळ म्हणून तू दवाखान्यात गेलीस. पहिल्या दिवशी हात पुढं करून दाखवलास, "बघ, दुसऱ्यांदा हळद लागली मला." मी हसले. कावीळ साधी नव्हती, हे तुला माझ्या आधी कळलं होतं बहुतेक. एका दुपारी भेटायच्या वेळेत मी मोसंबं सोलत बसले होते, तेव्हा तू म्हणालीस, "सुलभे, पोरीचं ऐक."

"बरी झालीस की तूच बघ," मी म्हटलं.

"गप. ऐक. तिची आई व्हायला जाऊ नको. आई एकच, ती मी. मेलो तरी मीच. तू तुझ्या जावासारखं कर. कामं तेवढी घे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी नेहमीसारखी चिडवत सुटले. "म्हणजे जावा पटलं तर शेवटी तुला!"

तू हसलीस. हसताना दुखत होतं तरी हसलीस. "पटलं कुठं? मी म्हटलं न्हवतं, इंटरफेस हातात काय देत न्हाय? आता कळंल तुला." मग डोळे मिटून घेतलेस, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणालीस, "कंस रिकामे ठेवू नको तेवढे." नर्स आली, वेळ संपली म्हणाली. मी मोसंबं तुझ्या उशाशी ठेवून निघाले. तू मला विचारलंच नव्हतंस, त्यामुळे मी 'हो' म्हटलंच नाही. त्यानंतर तू जागी अशी कधी भेटलीच नाहीस, आणि ते 'हो' माझ्याजवळच राहून गेलं.

तू गेल्यानंतर तुझ्या पुण्यानुमोदनाला उचगावात तुमच्या दारात मांडव होता. दोन तसबिरींपुढं मेणबत्त्या, त्यांच्या बाजूला तुझा फोटो, क्लासच्या उद्घाटनाचा. त्यात तुझ्या शेजारी मी होते, मला कापून फोटो मोठा केलेला, पण तुझ्या खांद्यावरची माझी बोटं राहिलीच होती. वंदना झाली. मग बायका जेवायला वाढायला लागल्या आणि पुरुषमाणसं प्रज्ञाचं काय करायचं ते बोलायला बसली. दाजींना युनिटला परतायचं होतं. कुणी म्हणालं, पोरीला निपाणीला आत्याकडं घाला. कुणी म्हणालं, आजी हाय की इथं. तर कुणी म्हणालं, आजीच्या गुडघ्यानं तिला पायरी चढवत न्हाय, पोरीमागं कोण धावणार? मी तिथंच भिंतीला टेकून उभी होते. दाजींच्या चुलत्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "पावणं, तुम्ही कोण लागता म्हणायचं?"

रंजे, हातकणंगल्याच्या मान्यांना असा प्रश्न कधी पडत नाही. कुठल्याही लग्नात मला उभी करा, दोन मिनिटांत कुणीतरी नातं जोडून दाखवतं. आणि तुझ्या मांडवात मला एक शब्द सापडेना. मैत्रीण म्हणावं, तर तो शब्द तिथं फार लहान वाटला. भागीदार म्हणावं, तर दुकानासारखा. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मी कोणीच लागत नव्हते. आडनाव विचारून अडवतात तेव्हा माणसाला काय होतं, ते तुझ्या दारात उभी राहून पहिल्यांदा मला थोडंसं, अगदी थोडंसं, कळलं.

तुझी आई वाढता वाढता थांबली. "लागत कोण न्हाय," ती म्हणाली. "पण रंजी दवाखान्यात गेल्यापासनं पोरीचं सगळं तीच करती हाय." आणि पुढच्या पानावर भात वाढायला गेली.

दाजींनी खाली मान घालून विचार केला. मग म्हणाले, "तर मग शाळा हीच राहू दे. दुपारी क्लासवर, रात्री आईंच्याकडं. जमंल न्हवं, सुलभाताई?"

"जमवतो," मी म्हटलं. दवाखान्यात राहिलेलं 'हो' ते हे. तुला ऐकू गेलं असतं तर बरं झालं असतं.

आता तुझं खरं होतं, हे मी लिहून देते. इंटरफेस हातात काही देत नाही. प्रज्ञाकडून मावशी हा शब्द मिळाला, आणि त्याच्या आत भरायचं सगळं माझं मला लिहायला लागलंय. तिला डब्यात शिरा चालतो आणि उपमा चालत नाही, पण उपम्यात शेंगदाणे घातले तर चालतो, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. ती चिडली की टेबलाखाली जाते आणि तिला बोलवायचं नसतं, नुसता शेजारी खाऊ ठेवायचा असतो. शाळेतून आल्यावर 'काय शिकवलं?' विचारलं तर उत्तर नाही, 'कोण भांडलं?' विचारलं की अर्धा तास बोलते. आणि वेण्या. कॉलेजपासून माझा बॉबकट, मला वेणी कुठली यायला? माउसच्या जुन्या वायरी टेबलाच्या पायाला बांधून मी सराव केला. झेरॉक्सवाल्याची बायको वर येऊन बघून गेली आणि तिला बरेच दिवस पुरेल एवढं हसू मिळालं. पहिल्या वेण्या जिना उतरेपर्यंतही टिकल्या नाहीत. प्रज्ञा म्हणाली, "आई घट्ट घालायची." मी म्हटलं, "व्हय, आई घट्ट घालायची." दुसरं काय म्हणणार? आई एकच, ती तू.

पण तुझंही सगळं खरं नव्हतं हं. परवा त्या पोराचा प्रश्न ऐकला तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी खडू खाली ठेवला होता. मी कधी ठेवत नाही, मी खडू फेकणारी. माझ्या बॅचला आता 'रानाला फसवशील काय' हे माझ्याच तोंडून, तुझ्याच सुरात निघतं. हे मी लिहिलेलं नाही, कुणाला शब्दही दिलेला नाही. आयतं आलंय, तुझ्याकडून. हक्कसोड केलेल्या बाईला कुणीतरी काहीतरी ठेवून गेलं, रंजे. माझ्या जावात हे बसत नाही. तुझ्या सी प्लस प्लसमध्ये बसतं. तेव्हा अर्धं भांडण तू जिंकलीस, घे.

उरलेल्या अर्ध्याचं सांगते. आपण दोघीही ह्या इंटरफेसकडं कायम काम करणाऱ्याच्या बाजूनं बघत आलो, त्याला काय मिळालं, त्याला काय लिहावं लागलं. ज्याला काम करून घ्यायचं असतं त्याच्या बाजूनं आपण कधी बघितलंच नाही. मी तरी नाही.

परवा बॅच सुटली, पोरं गेली. मी तुझ्या खोलीत तुझ्या स्टुलावर बसून फळ्यावरच्या ट्रॅक्टरकडं बघत होते. तुझं अक्षर पुसायचं की ठेवायचं, ह्यावर मनात काही ठरत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी रडत होते. प्रज्ञा शाळेतून आली. दप्तर टेबलाखाली सरकवलं, बूट काढून कोपऱ्यात उडवले, कुणाशी तरी भांडण झालेलं असणार, तोंड फुगलेलं होतं. कुणाकडं न बघता ती सरळ आली, माझ्यापुढं जमिनीवर पाठ करून बसली आणि कंगवा मागं वर धरला.

तिनं वळून बघितलं नाही, रंजे. मी डोळे पुसले आणि कंगवा घेतला.